रबिंग वेगळं, पॉलिश वेगळं, आणि पॅडचं कुणी विचारतच नाही

आपल्याकडे ‘रबिंग-पॉलिश’ हा एकच शब्द होऊन बसलाय, चहा-पाण्यासारखा. पाटीवर जोडून लिहिलेला, गिऱ्हाईक जोडून मागणार, आणि करणाराही एकाच मशीनवर, एकाच मळक्या बफने, म्हणजे मशीनला लावायच्या पॅडने, दोन्ही उरकणार. मग दोन धुण्यांनंतर उन्हात गाडीच्या बॉनेटवर कोळ्याची जाळी, म्हणजे बारीक ओरखड्यांचं जाळं, परत दिसली की शिव्या कंपाउंडला.

पॉलिश काय ते तुम्हाला माहीत आहे असं धरतो. बारीक कण, हलकी घासाई, शेवटी चमक. कंपाउंड, म्हणजे रबिंगला वापरतात ते, तेच काम मोठ्या, धारदार कणांनी करतं. दोन्ही क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घासूनच काढतात. वॅक्स काही घासत नाही, ते वरून बसतं. त्याला या भांडणात आणूच नका.

घासणं म्हणजे काय, ते मात्र नीट समजून घ्या. ओरखडा ‘भरून’ येत नसतो. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, म्हणजे कड उरत नाही आणि उजेड तिथे फुटत नाही. कारखान्यातून येतो तो क्लिअर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, डोक्याचा केस सहसा त्याहून जाड भरतो. एकदा घासून गेलेला क्लिअर परत येत नाही. म्हणून दर दिवाळीला रबिंग करून घेणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

आता खरी गोची. लोक बाटली वाचतात. ‘हेवी कट’ लिहिलंय म्हणजे जोरात कापणार, ‘फिनिश’ लिहिलंय म्हणजे कापणार नाही. घरातलं उदाहरण घ्या. भांड्याचा साबण तोच, पण तारेच्या घासणीने घासला तर नॉनस्टिक तव्याची वाट लागते, स्पंजने घासला तर काही होत नाही. तव्यावरच्या चरांसाठी साबणाला कुणी दोष देत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र सगळे साबणालाच धरतात.

कण क्लिअरवर किती दाबला जाणार, हे पॅड ठरवतो. मऊ फोममध्ये कण आत रुततो, गादीवर बसल्यासारखा, आणि त्याची धार वाया जाते. मायक्रोफायबर पॅडवर हजारो धाग्यांची टोकं कणाला क्लिअरवर धरून ठेवतात, शिवाय धागे स्वतःही थोडं घासतात. लोकरी पॅड तर त्याहून कडक. म्हणून मऊ फोमवर कंपाउंड लावलं तर ते लाजत लाजत काम करतं, आणि मायक्रोफायबरवर साधं पॉलिश हलक्या कंपाउंडसारखं कापतं.

माझ्या मेहुण्याने काळ्या गाडीसाठी महागडं कंपाउंड आणलं. दोन तास घाम गाळला, जाळी होती तशीच. म्हणाला, “दाजी, डुप्लिकेट माल लागला बघा.” पॅड बघितला तर काळा, मऊ, शेवटचा हात फिरवायचा फोम. मी त्याचीच बाटली घेतली, पॅड मायक्रोफायबरचा लावला, बॉनेटवर टेपने हातभर चौकोन आखला आणि वाटाण्याएवढे चार थेंब टाकून दोन उभे, दोन आडवे हात फिरवले. पुसून टॉर्च मारला, तर जाळी गेलेली, पण त्या जागी दुधाळ धुकं. तो वैतागला, “हे काय नवीन?” ते धुकं म्हणजे कंपाउंड आणि पॅड यांनी मिळून सोडलेले बारीक ओरखडे. ते काढायला पॉलिश, आणि त्यासाठी तसाच काळा, मऊ फोम, पण कोरा, कंपाउंड न लागलेला. पाच मिनिटांत धुकं उतरलं.

बऱ्याच गॅरेजांत हे धुकं काढतच नाहीत, तेलकट लोशन फासून झाकतात. तपासायचं असेल तर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक पट्टा पुसा, तेल निघून जातं, आणि उन्हात बघा. मी एकदा हे बिल देण्याआधी केलं होतं. दुकानदाराचा चेहरा पडला, बिल कमी झालं नाही.

पॅडच्या रंगांवर तर विश्वास ठेवूच नका. रुपेस कंपनीचा पिवळा फोम बारीक कामाचा, लेक कंट्री कंपनीचा पिवळा जोरदार कापणारा. ‘मी पिवळा वापरतो’ असं सांगणारा माणूस काहीच सांगत नसतो.

मशीनबद्दल एवढंच: घरी करणाऱ्याने ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे फिरता फिरता डोलणारं, घ्यावं. रोटरी जिथल्या तिथे गरगर फिरते, कडांवर क्लिअर आधीच पातळ, आणि तिथेच ती आधी जाळते.

लोक आधी कंपाउंड लावतात, माझी पद्धत उलटी आहे आणि तीच बरोबर आहे. पहिला प्रयत्न पॉलिश आणि मध्यम कडक फोमने, एका चौकोनात. नाही गेलं तर आधी पॅड बदलायचा, बाटली तीच. तरी नाही गेलं तर कंपाउंड. निम्म्याहून जास्त गाड्यांना कंपाउंडची बाटली उघडावीच लागत नाही. कारण ती जाळी खोल नसते, सोसायटीत एका बादलीत, एका फडक्याने दहा गाड्या पुसणाऱ्याची रोजची देणगी असते. आणि कंपाउंड लागलेला पॅड कितीही धुतला तरी पॉलिशला वापरायचा नाही. दोन-चार मोठे कण आत राहतातच. मी पॅडच्या पाठीवर मार्करने ‘कं’ आणि ‘पॉ’ लिहून ठेवतो.

नख अडकतं अशा ओरखड्यावर मात्र यातलं काहीच चालवू नका. तिथे टच-अप पेंट, नाहीतर सरळ डोळेझाक. मेहुण्याच्या डाव्या दारावर तसा एक आहे, गेटला घासलेला. दर रविवारी तो मला त्याचा फोटो पाठवतो.