ड्रिल व्हाइस आणि क्रॉस व्हाइस: सरकणे वेगळे, कापणे वेगळे

विदर्भातल्या खेड्यांत घरच्या शेडमध्ये वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर यांच्यामागोमाग आता 13 मिमी चकचे (चक म्हणजे बिट धरणारे तोंड) बेंच ड्रिलही दिसू लागले आहे. कल्टिव्हेटरच्या फणाला बोल्टचे भोक पाडणे, पंपाच्या पायाचे अँगल जुळवणे असली कामे तालुक्याला न जाता घरीच उरकतात. मशीन घरी आले की पुढचा प्रश्न असतो व्हाइस (तुकडा धरणारा शिकंजा) कोणता घ्यावा, आणि त्यावर ठरलेला सल्ला मिळतो: ‘थोडे पैसे जास्त टाका, क्रॉस व्हाइस घ्या, म्हणजे मिलिंगही होते.’ मिलिंग म्हणजे फिरत्या कटरखाली तुकडा आडवा सरकवून धातू कापणे. हा सल्ला ऐकून कान किटले आहेत. त्यातला पहिला भाग अर्धवट खरा आहे आणि दुसरा धोकादायक आहे.

साधा ड्रिल व्हाइस वाचकांच्या परिचयाचा आहे: बसका, तळ सपाट, दोन जबडे, एक स्क्रू आणि टेबलाला आवळण्यासाठी बाजूंना खाचा. क्रॉस व्हाइसमध्ये तसाच व्हाइस एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन सरकपट्ट्यांवर बसवलेला असतो आणि प्रत्येक पट्टीला स्वतंत्र स्क्रू व हँडल असते. जबड्याची रुंदी, रंग, तळाशी फिरणारी तबकडी हे फरक दुकानदाराच्या सोयीचे आहेत. त्यांवर वेळ घालवण्याची गरज नाही. उंचीचा फरक मात्र ध्यानात ठेवावा. क्रॉस व्हाइस उंच असतो, आणि लहान बेंच ड्रिलवर त्यात उभा जॉब (कामाचा तुकडा) धरला की वर लांब बिटासाठी जागाच उरत नाही.

खरी गफलत होते ती सरकण्याच्या अर्थाबाबत. क्रॉस व्हाइसच्या पट्ट्या जॉबला बिटाखाली नेमक्या जागी आणण्यासाठी आहेत. कटर फिरत असताना जॉब आडवा ढकलून धातू कापण्यासाठी त्या नाहीत. आणि त्या कितीही चांगल्या असल्या, तरी ज्या मशीनखाली त्या बसवायच्या ते मशीनच आडव्या जोरासाठी बनलेले नाही. ड्रिल बिटाच्या दोन्ही धारा सारख्या असतील तर त्यांचे आडवे जोर एकमेकांना मारतात आणि उरतो तो सरळ अक्षावरचा दाब. बेंच ड्रिलची सगळी रचना हा दाब पेलण्यासाठी असते. चक ज्या निमुळत्या दांड्यावर बसतो तो केवळ घर्षणाने धरलेला असतो. त्याला वरून ओढून धरणारा बोल्ट तिथे नसतो. भोक पाडताना प्रत्येक दाबाबरोबर तो अधिकच घट्ट बसतो, म्हणून तो वर्षानुवर्षे निखळत नाही आणि आपल्याला तो कायमचा जोडलेला वाटू लागतो.

आता त्याच चकमध्ये एन्ड मिल (बाजूनेही कापणारा मिलिंगचा कटर) धरून जॉब आडवा सरकवला तर काय होते ते पाहावे. कटरचा एकेक दात बाजूने आदळतो, जोराची दिशा सतत बदलते, थरथर सुरू होते आणि निमुळता सांधा हळूहळू सैल होतो. तशात एन्ड मिलच्या पिळामुळे कटर खाली ओढला जातो, आणि चकचे तीन जबडे त्याचा कठीण गुळगुळीत दांडा पुरेसा घट्ट धरू शकत नाहीत. शेवटी एकतर कटर चकमधून खाली उतरत जाऊन खाच आपोआप खोल होत जाते, नाहीतर आख्खा चक फिरता फिरता खाली पडतो. मिलिंग मशीनमध्ये कटरचा धारक वरून बोल्टने ओढून धरलेला असतो तो याचसाठी. भरीस भर म्हणून स्वस्त क्रॉस व्हाइसच्या स्क्रूत ढील असते. कटरने जॉबला सरकत्या दिशेनेच ओढले की तेवढ्या ढिलाइतका जॉब एकदम पुढे उडी घेतो आणि धार तुटते. ‘ॲल्युमिनियमवर चालते’ हे उत्तर मला मान्य नाही, कारण निखळणारा चक खाली कोणता धातू आहे ते पाहत नाही.

मिलिंगचा मोह सोडला तर भोकासाठी तरी क्रॉस व्हाइस अधिक अचूक असतो का? बहुतेक वेळा नाही. सेंटर पंच (खुणेवर खळगा पाडणारे टोकदार हत्यार) नीट मारलेला असेल आणि साधा व्हाइस टेबलावर मोकळा असेल, तर बिटाचे टोक खळग्यात शिरताना व्हाइसला केसभर सरकवून घेते आणि भोक खुणेवरच पडते. क्रॉस व्हाइस टेबलाला घट्ट बांधलेला असल्यामुळे ही मुभा संपते: जॉब पाव मिलिमीटर चुकीच्या जागी असेल तर बारीक बिट वाकतो आणि भोक तिरपे जाते. त्यामुळे दर वेळी हँडल एकाच दिशेने फिरवून खुणेवर यावे लागते, पुढे गेल्यास बरेच मागे जाऊन पुन्हा यावे लागते, आणि भोक पाडण्याआधी पट्ट्यांचे स्क्रू आवळावे लागतात. लहान प्लेटवर मोजून अंतराने भोके पाडायची असतील तर एवढा खटाटोप परवडतो. लांब पट्टीवर एका ओळीत भोके हवी असतील तर टेबलावर अँगलचा सरळ तुकडा टेकणीसाठी बांधणे कितीतरी सोपे आहे.

मोकळा ठेवणे म्हणजे मात्र नुसता हाताने धरणे नव्हे. बिट पत्र्याच्या किंवा पट्टीच्या पार निघताना धार एकदम अडकते, जॉब पिळावर चढतो आणि वरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गरकन फिरतो. म्हणून व्हाइसच्या कडेला टेबलाच्या खाचेत एक उभा बोल्ट घालून त्याची फिरण्याची वाट अडवावी. व्हाइसशिवाय लांब पट्टी धरायची असेल तर तिचे मागचे टोक कॉलमच्या (मशीनच्या उभ्या खांबाच्या) डाव्या अंगाला टेकवावे. उजवीकडे ठेवले तर ती कॉलमपासून सुटून थेट आपल्या पोटाकडे येते. हातमोजे नकोत, आणि उन्हाळ्यात डोक्याला गुंडाळलेल्या दुपट्ट्याचे लोंबते टोक तर मुळीच नको.

माझी पसंती स्पष्ट आहे: 100 मिमी जबड्याचा, जड ओतीव लोखंडाचा साधा व्हाइस घ्यावा आणि उरलेल्या पैशांत दोन क्लॅम्प पट्ट्या, बोल्ट आणि एक व्ही-ब्लॉक (V आकाराची खाच असलेला ठोकळा) घ्यावा. 10 मिमीच्या वरच्या बिटासाठी आधी बारीक बिटाने जागा पक्की करून मग व्हाइस टेबलाला आवळावा. क्लॅम्प लावताना बोल्ट जॉबच्या जवळ आणि क्लॅम्प पट्टीचे मागचे टोक ज्यावर टेकते त्या ठोकळ्यापासून दूर ठेवावा, आणि तो ठोकळा जॉबपेक्षा किंचित उंच असावा. बहुतेक शेडमध्ये हे नेमके उलटे केलेले दिसते आणि मग सगळा जोर ठोकळा दाबण्यात जातो.

शाफ्टला स्प्लिट पिनसाठी आडवे भोक पाडायचे असेल तर दोन्ही व्हाइसपेक्षा व्ही-ब्लॉक भरवशाचा आहे. शाफ्ट त्यात ठेवून बिटाचे टोक आणि शाफ्ट यांच्या मध्ये स्टीलची पातळ मोजपट्टी हलकेच दाबावी. पट्टी डावीकडे किंवा उजवीकडे कलली तर टोक माथ्यावर नाही. ती आडवी सपाट राहीपर्यंत ब्लॉक सरकवावा, क्लॅम्प आवळावा आणि पट्टी काढून सेंटर ड्रिलने (आखूड, ताठ बिटाने) सुरुवात करावी.