नकाशावर सही कुणाची? गोव्यातल्या आर्किटेक्ट फर्मची पार्श्वभूमी

फोंड्याकडच्या एखाद्या जुन्या घरासमोर उभे राहून ‘हे कुणी बांधले?’ असे विचारा. उत्तरात मालकाचे नाव येते. ‘आजोबांनी बांधले.’ आजोबांनी जन्मात कधी थापी हातात धरलेली नसते. बांधणारा असतो मेस्त, आणि त्याचे नाव घरातल्या कुणालाही आठवत नाही.

मेस्त हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्र’वरून आला. गोव्यात सुतार असो की गवंडी, हाक तीच. ओळंबा, गुण्या आणि दोरी एवढ्यावर त्याचे काम चाले. यजमान दोन-तीन घरे दाखवी, ‘वसरी (ओसरी) अमक्यासारखी, राजांगण (घरातला चौक) तमक्यासारखे’ म्हणे आणि मेस्त जमिनीवर काठीने आखणी करी. भिंती खाणीतून काढलेल्या चिऱ्यांच्या. १८६० च्या दशकात बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे गोव्याच्या छपरांवर हळूहळू मंगळुरी कौल चढले. खिडक्यांना काचेऐवजी घासून पातळ केलेले शिंपले, लाकडी पट्ट्यांत एकेक बसवलेले. ख्रिस्ती घरांत बाल्कांव, म्हणजे बसायची जागा असलेली दारापुढची पडवी, रस्त्याकडे तोंड करून, हिंदू घरांत तुळस असलेले राजांगण आत. या साऱ्याला लेखक नव्हता असे कुणी म्हटले तर मला ते पटत नाही. लेखक होते, सही नव्हती.

सरकारी कामांचे तसे नव्हते. तिथे लष्करी इंजिनिअर असत. जुन्या गोव्यातल्या १५९७ च्या व्हाइसरॉय कमानीशी जुलिओ सिमांव या मुख्य इंजिनिअरचे नाव जोडलेले आहे. पणजीत १८२७ ते १८३५ या काळात व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु यांनी दलदल बुजवून सरळ रस्ते आखले, आणि १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला. पण शहर सरकार आखी, गावातले घर मेस्त बांधी. दोघांच्या मधे, आपली कचेरी थाटून लोकांसाठी नकाशे काढणारा माणूस फार उशिरा आला.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा वास्तुकला शिकायची तर मुंबईला सर जे. जे. गाठावे लागे, नाहीतर दिल्लीला. शिकून गेलेला बहुधा तिकडेच राही. गोव्यात नव्या शाळा, इस्पितळे, कचेऱ्या उभ्या राहायच्या होत्या. त्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या टेबलावरून निघाल्या. त्या काळातली सपाट स्लॅबची, पावसात भिंतीवर शेवाळ चढणारी इमारत अजून तालुक्याच्या गावी सापडते. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात सपाट छप्पर कुणाला सुचले, हे मला कधी कळलेले नाही.

याच काळात बाहेरून एक नाव आत आले, आणि तेही खरे तर इथलेच. चार्ल्स कोरिया यांचा जन्म १९३० चा, सिकंदराबादचा. कुटुंब मूळचे गोव्याचे. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचे काम सुरू केले, आणि १९६३ मध्ये पूर्ण झालेल्या साबरमतीच्या गांधी संग्रहालयाने ते देशभर माहीत झाले. त्यांनीच आखलेल्या पणजीच्या कला अकादमीची कल्पना गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या काळातली. कांपालला मांडवीच्या काठावर १९७३ च्या सुमारास काम सुरू झाले आणि १९८३ मध्ये संपले. बांदोडकर १९७३ मध्येच गेले, त्यांनी ती पाहिली नाही.

ही इमारत आडवी पसरलेली आहे, नदीच्या पातळीशी जमवून घेणारी. रस्त्यावरून दिसते ती एक सावलीची जागा आणि तिच्यातून आरपार जाणारी वाट. तिकीट नसलेला माणूसही त्या वाटेने नदीपर्यंत पोचतो. तिथल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक बसलेले आहेत, म्हणजे नाटकाला गर्दी नसली तरी नटाला थिएटर भरल्यासारखे वाटावे. मराठी नाटकाच्या गोव्यातल्या प्रयोगांना नंतर ही चेष्टा अनेकदा कामाला आली असणार. जुलै २०२३ मध्ये नूतनीकरण चालू असताना खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले, तेव्हा गोव्यात जो संताप झाला त्यात कलाकार जितके होते तितकेच आर्किटेक्टही होते. कोरियांचे ‘सिदाद द गोवा’ हॉटेलही त्याच काळातले, दोनापावलजवळ वायंगिणी किनाऱ्यावर. तिथे भिंतींवर खोट्या खिडक्या आणि खोटी दारे रंगवलेली.

पण कोरियांची कचेरी मुंबईत होती. गोव्यात राहून काम करणाऱ्यांचे बळ दुसरीकडून आले: कायद्यातून आणि पर्यटनातून.

१९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टमुळे नोंदणी असल्याशिवाय कुणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येईना. १९७४ मध्ये गोव्याचा नगर नियोजन कायदा आला. पंचायतीकडे परवान्यासाठी जाताना नकाशा लागू लागला आणि नकाशावर सही लागू लागली. मेस्त एका रात्रीत कागदावरून पुसला गेला. काम मात्र तोच करत होता. सही आर्किटेक्टची किंवा इंजिनिअरची, भिंत मेस्ताची, असा सौदा गावोगाव चालला. काही सह्या घर न बघताच पडत. त्यावर अधिक लिहिले तर पाहुण्यांकडे जाणे बंद करावे लागेल.

१९७४ मध्येच सिकेरीला ताजचे हॉटेल उभे राहिले. १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल परिषदेचे राष्ट्रप्रमुख विसाव्यासाठी गोव्यात आले आणि त्यांच्यासाठी आग्वादजवळ खास बंगले बांधले गेले. कौलारू छपराचा, चिऱ्याच्या भिंतीचा ‘गोंयचा’ बंगला ही विकायची वस्तू आहे, हे तेव्हा हॉटेलवाल्यांच्या नीट लक्षात आले. त्याच सुमारास, १९८२ मध्ये, गोवा वास्तुकला महाविद्यालय सुरू झाले आणि पणजीच्या आल्तिनोवर मुले-मुली ड्रॉइंग बोर्ड घेऊन हिंडू लागली. मुंबईला न जाता आर्किटेक्ट होता येणे हा आमच्या पिढीतला मोठा बदल होता. विशेषतः मुलींना.

या दशकात गोव्यातच कचेरी थाटलेल्यांत सर्वांत जास्त चर्चा झाली ती जेरार्ड दा कुन्हा यांची. त्यांच्या फर्मचे नाव ‘आर्किटेक्चर ऑटोनॉमस’. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांच्या विचारांची छाप त्यांच्या कामावर उघड दिसते: कमी खर्च, जवळचा माल, टाकाऊ वस्तूंचा वापर. बंगळुरूजवळचे नृत्यग्राम, म्हणजे नृत्य शिकण्याचे ठिकाण, १९९० चे, त्यांचेच. तोर्डा इथे साल्वादोर द मुंदमध्ये त्यांनी रस्त्यांच्या बेचक्यात त्रिकोणी, जहाजासारखी एक इमारत बांधली आणि तिच्यात गोव्याच्या घरांचे संग्रहालय केले. दारे, खिडक्या, फरशा, खुर्च्या. ज्यांच्या मेस्तांची नावे राहिली नाहीत त्यांची कामे तिथे भिंतीला टांगलेली आहेत. जिथे १९९३ पर्यंत तुरुंग होता तो रेइश मागूशचा किल्ला त्यांच्याच देखरेखीखाली डागडुजी होऊन २०१२ मध्ये खुला झाला.

डीन डिक्रुझ मुंबईच्या जे. जे. मधून आले आणि सुरुवातीला दा कुन्हांबरोबर स्वस्त घरांवर काम करू लागले. नंतर ते वेगळे झाले, हडफड्याचे निलय हर्मिटेज हे छोटे हॉटेल त्यांचे, आणि पुढे रेबोनी साहा यांच्यासह त्यांनी ‘मोझेइक’ ही फर्म सुरू केली. गोव्यातल्या फर्मची वंशावळ अशीच वाढते. मोठ्या हॉलमध्ये शे-दोनशे माणसांची कंपनी इथे विरळा. एखाद्या जुन्या घराच्या वसरीत चार टेबले, एक प्लॉटर, आणि तीन-चार वर्षांनी बाहेर पडून पलीकडच्या वाड्यावर (गावातल्या वस्तीत) स्वतःची पाटी लावणारा ज्युनिअर.

२००६ साली ही सारी मंडळी वेगळ्याच कारणासाठी एकत्र दिसली. ‘प्रादेशिक आराखडा २०११’ या नावाच्या सरकारी आराखड्यात डोंगर आणि शेते वसाहतीसाठी मोकळी केल्याचे उघड झाले, गोवा बचाव अभियान रस्त्यावर उतरले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने तो आराखडा रद्द केला. नव्या आराखड्यासाठी नेमलेल्या कृती दलात कोरिया होते, नगररचनाकार एडगर रिबेरो होते आणि डिक्रुझही. गावोगाव ग्रामसभांना नकाशे दाखवून सूचना मागवल्या गेल्या. आमच्या ग्रामसभेत पहिल्यांदाच लोक स्वतःच्या वाड्याचा नकाशा उलटा-सुलटा करून बघताना मी पाहिले. एका आजींना त्यात आपली विहीर सापडली नाही म्हणून सभा अर्धा तास अडली. हा नवा आराखडा २०११ साली अधिसूचित झाला, २०१२ मध्ये नव्या सरकारने तो बाजूला ठेवला, आणि मग भूखंडांचे झोन बदलण्याच्या कलमांवरून भांडण सुरू झाले ते अजून चालू आहे. १७(२) आणि ३९(अ) या कलमांचे आकडे आता गोव्यात शाळकरी मुलांनाही पाठ आहेत.

आज गिऱ्हाईक बदलले आहे. दिल्ली-मुंबईच्या माणसाला सुट्टीचे घर हवे असते आणि त्याला बाल्कांव हवाच असतो, मात्र त्यात बसून रस्त्याकडे बघणारे कुणी नसते. चिरा तोच, पण मशिनने कापलेला.

आमच्या आजोबांचे घर दुरुस्तीला काढायचे ठरले तेव्हा परवान्यासाठी उभ्या घराचा नकाशा मागितला गेला. आल्तिनोच्या कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी टेप घेऊन आली. दोन दिवस ती मापे घेत होती. घरातला एकही कोन काटकोन निघाला नाही; राजांगणाची एक बाजू दुसरीपेक्षा वीतभर लांब. ‘सरळ करून काढू का?’ तिने विचारले. बाबा म्हणाले, जसे आहे तसे काढ. तिने तसेच काढले, आणि कोपऱ्यात आपली सही केली.