ध्यानाचा पट्टा म्हणजे दवाखान्यातलं न्यूरोफीडबॅक नव्हे

मेंदूला मार लागलेल्या माणसासाठी म्युझसारखा, ध्यानासाठी डोक्याला लावायचा पट्टा आणला की घरचे ‘न्यूरोफीडबॅक चालू केलंय’ असं सांगू लागतात. न्यूरोफीडबॅक म्हणजे मेंदूच्या लहरी मोजून, त्या लगेच दाखवून, त्या बदलायचा सराव. मेंदूच्या लहरी दोन्हीकडे टिपल्या जातात खऱ्या, पण हेतू निराळा.

पट्ट्यात लहरी टिपणारे चार कोरडे सेन्सर: दोन कपाळावर, दोन कानांमागे. ॲप आधी थोडा वेळ तुमची नोंद घेतं. पुढे मन भरकटतंय असं त्याला वाटलं की वाऱ्याचा आवाज वाढतो, स्थिरावलं की पक्षी ऐकू येतात. लक्ष श्वासावरच ठेवायचं, आवाज नुसती आठवण करून देतो.

दवाखान्यात तंत्रज्ञ डोकं मापून जागा ठरवतो, बऱ्याचदा टाळूच्या मध्यावरची सीझेड. त्वचा घासून, पेस्ट लावून इलेक्ट्रोड बसवतो, कानांना क्लिपा लावतो, त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विजेचा रोध 5 किलोओहमच्या आसपास किंवा खाली आला की सुरू करतो. उदाहरणार्थ, 12 ते 15 हर्ट्झच्या लहरी वाढल्या आणि 4 ते 8 च्या दबल्या, तरच पडद्यावरचं चित्र पुढे सरकतं. अशा 20 ते 40 बैठका होतात. खर्च बराच, आणि मेंदूच्या दुखापतीसाठीचा पुरावा अजून तोकडाच. स्मरणशक्ती परत आणून देण्याची हमी कोणी देत असेल तर उठून यावं.

पट्टा फसतो तो असा. दात आवळले, कपाळाला आठ्या पडल्या की स्नायूंची वीज वेगवान लहरींत मिसळते. पापण्यांची उघडझाप मंद लहरी फुगवते. सुरुवातीच्या नोंदीवेळीच कपाळ आवळलेलं असेल, तर नंतरचं सगळं उगाच शांत दिसतं. शस्त्रक्रियेत कवटी उघडली असेल तिथे लहरी मोठ्या दिसतात, जखमेच्या भागात जागेपणीही मंद लहरी असतात, आणि क्लोबाझामसारखं फिटवरचं औषध वेगवान लहरी वाढवतं. ॲपला यातलं काहीच ठाऊक नसतं.

टाके ताजे असतील किंवा कवटीचं हाड अजून परत बसवलं नसेल, तर पट्टा लावूच नये. फिट येत असतील तर आधी न्यूरोलॉजिस्टला विचारावं. कपाळ आणि कानांमागची त्वचा पुसून घ्यावी. केसांचं तेल तिथे उतरलं की नोंद तुटत राहते. पाठ टेकून ताठ बसावं, आवाज अगदी बारीक ठेवावा, 3 ते 5 मिनिटांनी सुरुवात करावी. डोकं दुखू लागलं की लगेच थांबावं. ॲपचे गुण लिहिण्यापेक्षा झोप, डोकेदुखी आणि थकवा रोज वहीत लिहावा. डॉक्टरांना तीच दाखवावी.