गिअर चढतो, पण उतरत का नाही?

पावसाळ्यात मुंबईतल्या सायकलींची एक तक्रार हमखास ऐकू येते. वाळकेश्वरचा चढ लागला की हलका गिअर झटकन पडतो. उतरून मरीन ड्राइव्हच्या सपाटीला लागलं आणि जड गिअर टाकायला गेलं, की हँडलवरचा गिअर बदलायचा शिफ्टर ‘टक्’ वाजतो, पण चेन जागची हलत नाही. चार पेडल मारल्यावर किंवा खड्ड्यात आपटल्यावर कधीतरी उतरते. मग बहुतेक जण मागच्या डिरेलरजवळचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाजवळचा) केबलचा ताण बदलणारा अ‍ॅडजस्टर पिळत बसतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी केबल बघा.

बहुतेक सायकलींत डिरेलरला मोठ्या चकतीकडे, म्हणजे हलक्या गिअरकडे, ओढतो तो आपला अंगठा. केबल अडखळत असली तरी अंगठा जास्त जोर लावतो आणि काम भागतं. लहान चकतीकडे येताना मात्र शिफ्टर केबल नुसती सोडतो. ती आउटरमधून, म्हणजे केबलवरच्या नळीसारख्या आवरणातून, खेचून घ्यायची ती डिरेलरच्या स्प्रिंगने, आणि स्प्रिंगची ताकद ठरलेली. आत गंज-चिखल साचला की घर्षणापुढे तिचं काही चालत नाही.

चूक खपण्याइतकी जागाही इथे नसते. शिमानोच्या आठ गिअरच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या संचात, एका चकतीपासून दुसरीचं अंतर ४.८ मिलिमीटर. एका क्लिकला केबल सरकते साधारण २.८ मिलिमीटर, आणि डिरेलर तिच्या १.७ पट हलतो. म्हणजे केबल अर्धा मिलिमीटर कमी सरकली, तर चेन जवळजवळ एक मिलिमीटर चुकते. म्हणूनच गिअरच्या आउटरमधल्या तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, म्हणजे तो दबत नाही. ब्रेकच्या आउटरमधली तार गुंडाळलेली असते. वाकवला की त्याची लांबी बदलते. तो गिअरला लावला, तर गिअर नीट बसत नाहीत. उलट अदलाबदल तर धोक्याचीच, कारण ब्रेकच्या जोराने गिअरचा आउटर फाटू शकतो.

तपासायला हत्यार लागत नाही. पेडल मारत चेन सर्वांत मोठ्या चकतीवर न्या. मग चाक थांबवून, पेडल न मारता, शिफ्टर लहान चकतीच्या बाजूला शेवटच्या क्लिकपर्यंत सोडा. केबल सैल पडेल आणि फ्रेमच्या खाचा उघड्या असतील तर आउटर त्यांतून निघेल. तो बाजूला सरकवून आतली तार बघा. मागच्या डिरेलरजवळच्या शेवटच्या वळणात पाणी उतरून साचतं, त्यात समुद्राची खारी हवा. तिथली तार बहुधा तपकिरी निघते, बोटाला खरखरते. अशी तार तेल पाजून फार दिवस चालत नाही. आतली तार (इनर) आणि आउटर दोन्ही बदला. आउटर धारदार केबल कटरनेच कापा; साध्या पकडीने तोंड चेपतं.

आता सेटिंग. चेन सर्वांत लहान चकतीवर, शिफ्टर शेवटच्या क्लिकवर. केबल हाताने ताणून डिरेलरवरचा तिचा बोल्ट आवळा. एक क्लिक द्या. चेन दुसऱ्या चकतीवर गेली नाही, तर अ‍ॅडजस्टर मागून बघत घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. केबल ताणली जाते. दुसऱ्या चकतीवर पेडल फिरवत ठेवा आणि चेन तिसरीला घासून आवाज करू लागेपर्यंत ताण वाढवा. मग आवाज थांबेल एवढाच परत सोडा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका.

काही दिवसांत सेटिंग पुन्हा ढिलं पडेल. केबल ‘ताणली’ असं दुकानात सांगतात, पण एवढ्याशा जोराने पोलादी तार कायमची लांब होत नाही. आउटरची टोकं आणि त्यांवरच्या टोप्या आपापल्या जागी घट्ट बसतात, तेवढीच ढील पडते. अ‍ॅडजस्टरचा अर्धा फेरा पुरतो.

एवढं करूनही काही चकत्यांवर गिअर नीट आणि काहींवर खडखडाट असेल, तर डिरेलर फ्रेमला ज्यावर बसतो तो हँगर बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल उजव्या अंगावर पडली, की तो वाकू शकतो. तो सरळ करून घेईपर्यंत केबलला हात लावू नका.