दोर तुटण्याआधी खुणा देतो

1834 साली जर्मनीतल्या हार्त्स डोंगरात, क्लाउस्थालच्या खाणींमध्ये विल्हेल्म आल्बर्ट यांनी लोखंडी तारा पिळून केलेला दोर वापरात आणला. त्याआधी तिथे साखळ्या असत, आणि साखळीची एक कडी तुटली की सगळा भार खाली कोसळे. दोराचं तसं नाही. एक तार तुटली तर तिचा भार शेजारच्या तारा घेतात. डोंगरावरच्या गोंडोलाची, म्हणजे फिरत्या दोरावर टांगलेल्या केबिनच्या रोपवेची देखभाल आजही याच गुणावर उभी आहे. दोर झिजतो, पण आधी खुणा देतो. दिवसभर माणसं वाहणाऱ्या यंत्रणेत त्या खुणा वाचायला वेळ काढणं हेच खरं अवघड काम.

बहुतेक गोंडोलांत दोर एकच असतो. तोच केबिनचा भार पेलतो आणि तोच तिला ओढतो. साधारण 40 ते 55 मिलिमीटर जाडीचा, सहा पेडांचा. बाहेरच्या तारा डोळ्यांना दिसतात, आतल्या दिसत नाहीत, म्हणून तपासणी चुंबकाने होते. प्रवासी नसताना दोराभोवती चुंबकांची पेटी बसवून दोर तिच्यातून सावकाश फिरवतात. तार तुटलेली असेल तिथे चुंबकीय क्षेत्र बाहेर फाकतं आणि सेन्सर ते टिपतो. एखाददुसऱ्या तुटक्या तारेने घाबरायचं कारण नसतं. ठरावीक लांबीत किती तारा गेल्या आणि मागच्या तपासणीनंतर किती वाढल्या, ते पाहायचं. त्यामुळे जुन्या नोंदी जपणं हेही देखभालीचंच काम.

या सगळ्यात मला सर्वांत थक्क करतो तो दोराची दोन टोकं जोडून त्याचं अखंड वलय करणारा सांधा. त्यात गाठ नाही, क्लॅम्प नाही, वेल्डिंग नाही. दोन्ही टोकांचे पेड उकलून एकमेकांच्या जागी बसवतात, आणि प्रत्येक पेडाचं उरलेलं टोक दोराचा गाभा काढून त्या जागी आत सरकवतात. ताण वाढला की बाहेरचे पेड आतल्या टोकाला आणखी आवळतात. सांधा टिकतो तो निव्वळ घर्षणावर! त्यासाठी त्याची लांबी दोराच्या व्यासाच्या किमान 1200 पट ठेवतात, म्हणजे 50 मिलिमीटरच्या दोराला 60 मीटर. नवा दोर वापरात लांबतो. स्थानकातलं मोठं चाक हायड्रॉलिक सिलिंडरने मागे ओढून तो ढिलेपणा काढला जातो. चाक सरकायला जागा उरली नाही की दोर कापून, आखूड करून सांधा नव्याने घालायचा.

गर्दीचा खरा मार बसतो तो केबिनच्या ग्रिपवर, म्हणजे दोर धरणाऱ्या स्प्रिंगच्या जबड्यावर. स्थानकात शिरताना रुळामुळे तिची लिव्हर दाबली जाते आणि जबडा उघडतो. सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने आलेली केबिन फिरत्या टायरांच्या रांगेवर मंदावते आणि बाहेर पडताना तेवढाच वेग घेऊन पुन्हा दोर धरते. एक फेरी 20 मिनिटांची धरली, तर ग्रिप तासाला सहा वेळा उघडते आणि मिटते. दहा तासांत 60 वेळा, 300 दिवसांत 18,000 वेळा. धातू थकतो तो अशाच पुनरावृत्तीने. म्हणून आधुनिक गोंडोलात केबिन सुटताना ग्रिपची पकड मोजली जाते आणि ती कमी भरली तर अख्खी लाइन थांबते. शिवाय ग्रिप थोड्या-थोड्या उतरवून, सुट्या करून त्यांच्यातल्या बारीक भेगा शोधतात. खांबांवरच्या पुल्यांचे रबरी अस्तर आणि बेअरिंगही असेच पाळीपाळीने बदलतात.

लाइन थांबली की प्रवासी वैतागतात. पण तसं थांबणं हेच सुरक्षेचं मूळ तत्त्व आहे. ब्रेक स्प्रिंगच्या जोराने लागतो आणि तेलाचा दाब त्याला उघडं धरतो. दाब गेला की ब्रेक आपोआप लागतो. पुलीजवळ एक ठिसूळ दांडी असते. दोर पुलीवरून सुटला की ती मोडते, विजेचं सर्किट तुटतं आणि यंत्र थांबतं. हे थांबणं नकोसं झालं की काय होतं, ते इटलीतल्या मोत्तारोने इथे 23 मे 2021 रोजी दिसलं. तो रोपवे वेगळ्या प्रकारचा, ये-जा करणाऱ्या दोन केबिनचा होता. ओढणारा दोर तुटला, पण केबिनचा आपत्कालीन ब्रेक सारखा लागतो म्हणून अडकण घालून निकामी केलेला होता. 14 माणसं गेली, वाचलं ते एक लहान मूल. सारखा लागणारा ब्रेक ही तक्रार नव्हती, इशारा होता. देखभालीसाठी गोंडोला बंद ठेवणाऱ्या व्यवस्थापनावर चिडण्याआधी हे आठवावं, असं मला कळकळीने वाटतं.

आता आधुनिकीकरण. नियंत्रणप्रणाली बदलणं त्यातल्या त्यात सोपं. काही ठिकाणी गिअरबॉक्सच काढून मोठ्या चाकाला थेट मोटर जोडतात. पाच मीटर व्यासाचं चाक सेकंदाला सहा मीटर वेगाला मिनिटात जेमतेम 23 फेरे घेतं, म्हणून मोटरही तितकीच संथ लागते. गिअर गेले की त्यांचं तेल आणि त्यांची झीजही गेली. क्षमता वाढवणं मात्र कठीण. केबिन वाढवल्या की दोरावरचा भार वाढतो. दोर जाड घ्यावा तर चाकाचा व्यास दोराच्या किमान 80 पट हवा, मग चाक मोठं, पुल्या वेगळ्या, खांबांचे पायेही पुन्हा तपासायचे. वेग वाढवला तर स्थानकात केबिन मंदावायला जास्त लांबी लागते. म्हणून अनेकदा जुन्याला ठिगळं लावण्यापेक्षा नवी लाइन उभारणं शहाणपणाचं ठरतं. ती सुरू करण्याआधी केबिनमध्ये माणसांच्या वजनाइतकं पाणी किंवा वजनं भरतात, आणि भरल्या लाइनवर प्रत्येक ब्रेक वेगवेगळा लावून पाहतात.