आरसा घासला, पण धरायचा कसा?

उद्यमनगरात जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लेथच्या चकात धरला की आधी डायल लावून काटा बघतात. एका शंभरांशात, म्हणजे 10 मायक्रॉनमध्ये, ट्रू फिरला तर बहुतेक कामं निघतात. अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीच्या आरशाची जात तीच, फक्त पृष्ठाचा खडबडीतपणा नॅनोमीटरच्याही आत लागतो.

क्ष-किरण आरशावर समोरून पडले तर आत जिरतात. अंशाहून कमी कोनात निसटते लागले तरच परततात. त्यामुळे हा आरसा परातीसारखा नसतो, तळ नसलेल्या पिंपासारखा असतो. नुसत्या पॅराबोलाच्या वक्रात अक्षाबाहेरची प्रतिमा फिसकटते. 1952 मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हान्स वोल्टर यांनी मागं हायपरबोलाचा वक्र जोडून हा दोष आवरला. 1978 ची आइनस्टाइन वेधशाळा याच मांडणीची.

1999 च्या 'चंद्रा' या नासाच्या अवकाश दुर्बिणीत अशा चार जोड्या एकात एक बसवल्या: मोठीचा व्यास 1.2 मीटर, नाभीय अंतर (आरशापासून फोकसपर्यंतचं) 10 मीटर. घासण्याइतकंच जिकिरीचं काम होतं चौघींचा अक्ष एक करण्याचं. काच स्वतःच्या वजनानं वाकते, म्हणून जुळणी उभ्यानं केली. चिकटवायला इपॉक्सी; ती सुकताना आकसते आणि आरसा ओढते. पुढं चाचणी आडव्यानं झाली, तेव्हा वाक हिशेबानं वजा करावा लागला. शिवाय चाचणीचा क्ष-किरण स्रोत जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. किरण पुरते समांतर नाहीत, त्यामुळे फोकस सुमारे 19 सेंटिमीटर मागं पडला. हे ठाऊक नसेल तर चांगला आरसाही नापास होईल.

2015 च्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं (टीआयएफआर) दुसरा रस्ता धरला: सोन्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचे शंकू, नाभीय अंतर 2 मीटर. वजन कमी, पण 'चंद्रा'च्या अर्ध्या विकलेसमोर इथली प्रतिमा दोनेक कला पसरते (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा). सीसीडीनं, म्हणजे कॅमेऱ्यातल्यासारख्या चिपनं, वर्णपट घ्यायचा तर सौदा वाईट नाही.

बारीक वर्णरेषांसाठी 'चंद्रा'त ग्रेटिंग, म्हणजे किरण ऊर्जेनुसार फाकवणाऱ्या बारीक जाळ्या, आहेत. बिंदूसारख्या ताऱ्याला त्या उत्तम. दीर्घिकासमूहासारख्या ऐसपैस स्रोताच्या रेषा मात्र एकमेकींत मिसळतात. तिथं मायक्रोकॅलरीमीटर हवा: फोटॉन शोषला की तापमान किती चढलं, त्यावरून ऊर्जा. त्यासाठी तो 0.05 केल्व्हिनवर ठेवावा लागतो. जपाननं यापायी बरंच सोसलं. 2000 मध्ये उपग्रह नेणारं रॉकेटच फसलं. 2005 मध्ये 'सुझाकू' उपग्रहातलं थंडाव्याचं द्रव हीलियम महिनाभरात उडून गेलं. 2016 चा 'हितोमी' उपग्रह दिशानियंत्रण बिघडून गरगरत तुटला. तत्पूर्वी त्यानं पर्सियस समूहातल्या वायूची खळबळ सेकंदाला 164 किलोमीटर मोजली होती. 2023 च्या 'क्रिझम' उपग्रहामध्ये आरसे ठीक, कॅलरीमीटरही ठीक. पण कॅलरीमीटर ज्या थर्मासात थंड ठेवलाय, त्याचं झाकण उघडलं नाही. त्यातल्या बेरिलियमच्या खिडकीमुळे साधारण 1.7 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टखालच्या (हे ऊर्जेचं एकक) ऊर्जेचे किरण बाहेरच अडतात.