ग्रहण सूर्याचं की चंद्राचं? हॅगर्डच्या एका दुरुस्तीची पार्श्वभूमी

हॅगर्डच्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ या आफ्रिकेत घडणाऱ्या इंग्रजी साहसकादंबरीच्या दोन प्रती शेजारी ठेवून वाचल्या, तर एकीत सूर्याला ग्रहण लागतं, दुसरीत चंद्राला. कादंबरी तीच, लेखक तोच, आणि बदलही लेखकानेच केलेला.

हेन्री रायडर हॅगर्ड (१८५६–१९२५) नॉरफोकचा. १८७५ साली तो दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ (नेटाल) या ब्रिटिश वसाहतीच्या लेफ्टनंट गव्हर्नरसोबत आफ्रिकेत गेला, शेजारचं ट्रान्सवाल हे बोअरांचं (डच वंशाच्या वसाहतवाल्यांचं) राज्य इंग्रजांनी खालसा केल्यावर १८७७ मध्ये प्रिटोरियात ब्रिटिश झेंडा चढवायला हात लावला, मग शहामृग पाळायला शेती घेतली. १८८१ मध्ये ट्रान्सवाल बोअरांना परत देण्याच्या वाटाघाटी झाल्या त्या त्यानेच भाड्याने दिलेल्या घरात! त्याच वर्षी तो इंग्लंडला परतला.

स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ कादंबरीच्या निम्म्यानेही चांगलं तुला जमणार नाही, अशी एक शिलिंगाची पैज भावाने लावली आणि सहा आठवड्यांत ‘किंग सॉलोमन्स माइन्स’चं हस्तलिखित तयार झालं. प्रकाशकाने दोन पर्याय दिले: एकरकमी १०० पौंड, नाहीतर छापील किमतीवर १० टक्के. हॅगर्ड एकरकमी घेणारच होता, पण कचेरीतल्या कारकुनाने हळूच टक्केवारी सुचवली. पुस्तक पाच शिलिंगांचं, म्हणजे प्रतीमागे सहा पेन्स. ४,००० प्रतींवर १०० पौंड फिटतात. पहिल्याच वर्षी ३१,००० खपल्या.

घाईचं लेखन कुठे उसवलं ते ग्रहणात दिसतं. कैचीत सापडलेले गोरे नायक पंचांग बघतात, ग्रहण आपल्या हुकमावर लागणार म्हणून तिथल्या आफ्रिकी लोकांना सांगतात आणि सुटतात. मूळ पाठात हे सूर्यग्रहण होतं. पण आदल्या रात्रीच्या प्रसंगात पूर्ण चंद्र उगवलेला! सूर्यग्रहण अमावास्येलाच लागतं, हे भिंतीवर कालनिर्णय असलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. दुसरी गफलत कालावधीची. नायकांना अंधारात तासभर चालत निसटायचं असतं, आणि खग्रास सूर्यग्रहणाची खग्रास अवस्था जास्तीत जास्त साडेसात मिनिटांची.

नंतरच्या छपाईत हॅगर्डने सूर्य काढून चंद्र बसवला. पंचांगातली नोंद ४ जूनचीच राहिली. वेळ झाली ग्रिनिच ८.१५. दिवसाचा प्रसंग रात्री सरकवावा लागला. तिथी जुळली. खग्रास चंद्रग्रहण तासाहून जास्त टिकू शकतं, म्हणून पळून जाण्याचा हिशेबही बसला.

पण प्रसंगाचा कणा मोडला. ग्रासलेला चंद्र बहुधा तांबूस होतो. भर दिवसा काळोख पडण्याची दहशत त्यात नाही. शिवाय खरी खोट दुरुस्तीने हललीच नाही: आकाशाकडे बघत जगणाऱ्या त्या आफ्रिकी माणसांना ग्रहण ठाऊक नसेल, हे गृहीतक. ते खगोलाचं नव्हे, साम्राज्याचं.

आजच्या आवृत्त्यांमध्ये दोन्ही पाठ सापडतात. काही संपादक पहिली छपाई प्रमाण धरतात, स्वस्त आवृत्त्या बहुधा सुधारित. त्यामुळे उतारा देताना आधी पंचांगाचं वाक्य तपासावं. पृष्ठांकावर विसंबू नये.

पुढे हॅगर्डची ‘शी’ ही कादंबरी आली, ‘अ‍ॅलन क्वाटरमेन’ आली. १९१२ चा ‘सर’ किताब मात्र त्याला कादंबऱ्यांसाठी मिळाला नाही. शेती आणि किनाऱ्याची धूप यांवरच्या सरकारी कामासाठी मिळाला.